‘ईदनंतर बघू’ म्हणता न येणारी तपासणी

रमजानचा महिना २९ किंवा ३० दिवसांचा. गर्भवतीची साखरेची महत्त्वाची तपासणी होते ती २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे मुदत साधारण तेवढीच. चंद्र दिसला त्या दिवशी जिला चोविसावा आठवडा लागला, ती ईदचा शिरखुर्मा ढवळताना अठ्ठाविसाव्यात पोचलेली असते. ‘सध्या रोजे चालू आहेत, ईदनंतर बघू’ असं घरात सहज म्हटलं जातं आणि तेवढ्यात मुदत टळून जाते.

गरोदरपणात वारेतून स्रवणारी संप्रेरकं आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं शरीर जास्त इन्शुलिन बनवून भागवून नेतं. काहींना ते जमत नाही आणि साखर चढते. दुखत-खुपत मात्र बहुधा काहीच नाही. ही साखर वारेतून बाळापर्यंत जाते. बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, प्रसूती अवघड होते, आणि जन्मानंतर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. नाव नोंदवताना केलेली पहिली तपासणी चांगली आली, तरी दुसरी करायची ती याचसाठी.

तपासणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. सरकारी कार्यक्रमातल्या या पद्धतीत उपाशीपोटी येण्याची अट नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीचा आग्रह धरला. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, देशात गरोदरपणातील मधुमेह जागृती दिन म्हणून पाळला जातो.

आता रोजाचा प्रश्न. रक्त तपासायला दिल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुसंख्य उलेमा सांगतात. ग्लुकोजच्या पेल्याने मात्र तुटतो. तेव्हा त्या दिवशी रोजा न धरणं हाच सरळ मार्ग. आजारी आणि प्रवासी यांना सवलत कुराणातच आहे, सूरह अल-बकरामध्ये. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईची सवलत हदीसमध्ये येते. राहिलेला रोजा नंतर भरून काढता येतो, त्याला ‘कजा’ म्हणतात. हनफी मताप्रमाणे कजा पुरेसा होतो. कोकणातल्या शाफई घरांत, केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल, तर सोबत गरिबाला अन्नदानही सांगितलेलं आहे. इतका बारीक विचार जिथे झालेला आहे, तिथे सुनेने एक रोजा सोडला म्हणून मोहल्ल्यात कुजबुज कशाला?

तपासणीत साखर वाढलेली निघाली, तर उरलेल्या रोजांचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. इन्शुलिन चालू असेल, तर साखर धोकादायक खाली जाण्याची भीती असते. शिवाय दिवसभर उपाशी आणि मग इफ्तारला खजूर, सरबत, भजी, फालुदा हा झोका अशा शरीराला सोसत नाही. (नवरात्रात दिवसभर काही न खाता रात्री साबुदाण्याच्या खिचडीवर उपवास सोडणाऱ्या गर्भवतीचंही तेच.) सुरुवात बहुधा आहार आणि चालण्यापासून होते, दोन आठवड्यांत साखर आटोक्यात आली नाही, तर औषध.

घरातला सतवासा असो वा शेजारचं डोहाळजेवण, दोन्ही सातव्या महिन्याच्या सुमारास. पुढ्यात मिठाईचं ताट येण्याआधी तपासणीचा कागद हातात असला, तर किती खायचं ते तरी कळेल. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी असते. गल्लीतल्या आशाताईंना सगळं ठाऊक असतं.

साखर वाढलेली होती अशा आईची आणखी एक तपासणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी असते, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका तिला इतरांपेक्षा जास्त. ४० दिवसांचा चिल्ला तोवर संपलेला असतो आणि बाळाची दीड महिन्याची लसही त्याच सुमारास येते. बाळाला घेऊन दवाखान्यात जायचंच असतं, त्याच फेरीत आईचंही रक्त द्यावं.