एवढ्याशा तोफेचं जहाज कशाला?

डिसेंबर २०२३ मध्ये व्हेनेझुएलाने शेजारच्या गयानाच्या एसेकिबो प्रदेशावरचा जुना दावा पुन्हा पुढे रेटला. तेव्हा ब्रिटनने गयानाला 'एचएमएस ट्रेंट' हे गस्ती जहाज पाठवलं. त्यावरची मुख्य तोफ फक्त ३० मिलिमीटरची, क्षेपणास्त्र एकही नाही. मग याला घाबरणार कोण, असं तुम्ही विचाराल.

खरं तर गस्ती जहाज मोठ्या लढाईसाठी बांधतच नाहीत. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि तेल-वायूवर किनारी देशाचा हक्क असतो. तिथे चोरटी मासेमारी किंवा अमली पदार्थ पकडायला क्षेपणास्त्र काय कामाचं? लागतात त्या झटकन पाण्यात सोडता येणाऱ्या वेगवान बोटी, हेलिकॉप्टर उतरेल असा डेक आणि मुख्य म्हणजे दम. सुमारे ९० मीटर लांबीचं ट्रेंट सलग महिनाभर समुद्रात राहू शकतं. नेहमीच्या खलाशांशिवाय ५० सैनिकांची सोय त्यावर होते. याच जातीच्या 'एचएमएस स्पे'ने २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर टोंगाला पिण्याचं पाणी पोचवलं.

पण गयानात या जहाजाची मर्यादाही दिसली. ट्रेंट येतंय म्हटल्यावर व्हेनेझुएलाने पाच हजारांहून जास्त सैनिकांचा सराव सुरू केला. असं जहाज एकटं कुणाला थोपवू शकत नाही. 'आमचं लक्ष आहे' एवढंच ते सांगतं, आणि त्या शब्दाला वजन येतं ते मागे उभ्या असलेल्या आरमारामुळे.