ओट्यावरची सावली

बहुतेक घरांत स्वयंपाकघरातला दिवा छताच्या मध्यावर असतो, नाहीतर ओट्यासमोरच्या भिंतीवर. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की तो पाठीमागे जातो आणि भाजी चिरणाऱ्याची सावली नेमकी सुरीखाली पडते. मग जास्त वॅटचा बल्ब आणला जातो. खोली उजळते, पण सावली तिथेच राहते, कारण दिव्याची जागा बदललेलीच नसते.

ओट्यावरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेशी एलईडी पट्टी लावली की दिवा हातांच्या वर येतो. शिवाय अंतर घटतं. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. सहा फुटांवरचा बल्ब दोन फुटांवर आणला, तर त्याच विजेत ओट्यावर नऊपट प्रकाश पडतो. लांब पट्टीचं गणित थोडं वेगळं, तरी फायदा मोठाच. घर सजवताना छतात ओळीने दिवे बसवण्यावर हजारो रुपये जातात आणि ही साधी पट्टी राहून जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पट्टी घेताना वॅट पाहू नयेत. वॅट म्हणजे दिव्याने घेतलेली वीज. दिलेला प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. रंग किती खरे दिसतात, हे सीआरआय या आकड्यावरून कळतं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं, त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की दोन्ही मिळून पांढरा उजेड होतो. स्वस्त दिव्यांत यातला लाल भाग तोकडा पडतो. त्यामुळे टोमॅटो निस्तेज दिसतो आणि कांदा गुलाबी झाला की करपायला आला, हे चटकन कळत नाही. ओट्यावर आणि आरशापाशी सीआरआय 90 च्या वरचाच दिवा असावा.

भिंतींनाही इथे काम आहे. पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशाचा साधारण 80 टक्के भाग परत खोलीत टाकते, गडद भिंत त्यातला बराचसा गिळते. जुन्या घरांतला कोनाडा दिव्याला वाऱ्यापासून आडोसा द्यायचा आणि त्याला चुना लावलेला असला की ज्योतीचा उजेड बाहेरही फेकायचा.

दिवाणखान्यात मात्र रात्री पांढराशुभ्र झगमगाट नको. डोळ्यांच्या पडद्यात प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या काही वेगळ्या पेशी असतात, असं 2002 मध्ये स्पष्ट झालं. सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने त्या सर्वांत जास्त चेततात आणि मेंदूला दिवस असल्याचं कळवतात. झोपेसाठीचं मेलाटोनिन हे संप्रेरक मग उशिरा स्रवतं. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात. 6500 केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यात हा निळा भाग भरपूर असतो. संध्याकाळनंतर 2700 केल्विनचा पिवळसर दिवा बरा, तोही मंद.

घरात आजी-आजोबा असतील तर वेगळा विचार हवा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. वाचायच्या खुर्चीशेजारी त्यांना स्वतंत्र, झाकलेला, प्रखर दिवा द्यावा. रात्री उठण्यासाठी पलंगापासून बाथरूमपर्यंत गुडघ्याखाली मंद पिवळे दिवे लावावेत. उंबरठा दिसतो आणि झोपही मोडत नाही. या सगळ्याचे पॉइंट इलेक्ट्रिशियनला प्लास्टरच्या आधीच दाखवावेत, नाहीतर पुन्हा भिंत फोडावी लागते.