नीलगिरीच्या लाकडातला धागा

लाकडाचं कापड होतं असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. पण होतं, बरं का! उल्हासनगरला शहाड स्टेशनाजवळ सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. तिथले सूत लाकडाच्या लगद्यापासून निघते. अंबरनाथला पूर्वी विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना होता. काडीसाठी लाकूड चिरावे लागे. रेयॉनसाठी ते विरघळवावे लागते.

असा लगदा नीलगिरीपासूनही होतो. कर्नाटकात हरिहरला तो करतात. नीलगिरी मूळची ऑस्ट्रेलियातली. भराभर वाढते, सहा-सात वर्षांत तोडणीला येते आणि खोडक्यातून पुन्हा फुटते.

आता तिच्या पोटात काय आहे ते पाहू. बदलापूरकडच्या कुडाच्या भिंती आठवा. आत कारव्या, वर माती, मातीत कालवलेला भुसा. लाकडात कारवीच्या जागी सेल्युलोज, मातीच्या जागी लिग्निन आणि भुशाच्या जागी हेमिसेल्युलोज असते. नीलगिरीच्या 100 किलो कोरड्या लाकडात साधारण 40 ते 50 किलो सेल्युलोज व 25 ते 30 किलो लिग्निन निघते. उरलेले बहुतेक हेमिसेल्युलोज.

कापडाला कारवी हवी, माती नको. म्हणून लाकडाच्या ढलप्या औषधी पाण्यात शिजवून लिग्निन काढून टाकतात. उरलेल्या लगद्यात 90 टक्क्यांहून अधिक शुद्ध सेल्युलोज लागते. कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांनी त्याचा मधासारखा दाट रस होतो. तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला, की धागा तयार!

नीलगिरीचा तंतू जेमतेम 1 मिलिमीटर लांब. चीड, देवदार यांचा सुमारे तिप्पट. रेयॉनला त्याची अडचण नाही, कारण तंतू विरघळूनच जातो. कागदाला मात्र फरक पडतो. आखूड तंतूचा कागद गुळगुळीत होतो, छपाईला चांगला. पण पिशव्यांच्या बळकट कागदाला लांब तंतू हवा.

मग लावावी का? लावा, पण घाईने तोडू नका. कोवळे लाकूड हलके, त्याचा तंतू आखूड. तेवढ्याच गाडीभर लाकडातून लगदा कमी निघतो. आणि भातखाचरात किंवा विहिरीच्या काठी तर नकोच. हे झाड पाणी फार ओढते. वरकस जमीन पाहा.

गुरुजी, वर्गात एक प्रयोग करा. वर्तमानपत्राच्या कागदाचा एक तुकडा आठवडाभर उन्हात ठेवा, दुसरा पुस्तकात. उन्हातला पिवळा पडेल. मुलांना सांगा : कुडाची माती अजून थोडी राहिली आहे, तिचाच हा रंग.