दाणा चिकात येईपर्यंत

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, परांडा, जामखेडच्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी जेमतेम गुडघ्याला लागलेली असेल. फराळाचे डबे रिकामे होतील, शाळा भरतील, ट्रंकेतले स्वेटर उन्हात पडतील; ज्वारी मात्र आपल्या चालीनंच वाढेल. हुरड्याला अजून दोन महिने तरी अवकाश आहे. ज्यांचं बालपण त्या रानांच्या आसपास गेलं, त्यांना हे दोन महिने हुरड्याइतकेच लख्ख आठवतात.

ही ज्वारी पावसाळ्याच्या परतीवर पेरतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरा-हस्ताच्या पावसानं रान ओलावलं की तिफण चालते. स्वातीचा एखादा पाऊस आला तर आनंदच, नाहीतर पुढे आभाळाकडून फारसं काही मिळत नाही. खोल काळ्या मातीनं पावसाळ्यात जी ओल पोटात धरलेली असते तिच्यावरच पीक उभं राहतं. डिसेंबरात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तरी खाली गेलेली मुळं ओल ओढत राहतात आणि वर पाटासारखी रुंद पानं सकाळच्या दवानं निथळत असतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ओल टिकते की नाही, थंडी पडते की नाही, चिकटा येतो की काय, याची चिंता असे. पोरांना एकच प्रश्न: हुरडा कधी?

त्याचं उत्तर कॅलेंडरात मिळत नसे, रानात जाऊन पाहावं लागे. आधी ज्वारी पोटरीत येते, म्हणजे कणीस अजून पानाच्या देठात गुंडाळलेलं असतं आणि ताटाचा वरचा भाग फुगतो. मग ती निसवते, म्हणजे कणीस बाहेर पडतं. मग फुलोरा: कणसावर पिवळसर धुरळा आणि मधमाश्यांची ये-जा. त्यानंतर दाणा धरतो आणि चिकात येतो. चिकातला दाणा नखानं दाबला की दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. आजी तो थेंब बोटावर घेऊन बघायची आणि म्हणायची, “अजून आठ रोज.” तिच्यावर विश्वास न ठेवणारी पोरं गुपचूप एखादं कणीस चुलीत घालत. हाती येई तो नुसता चिकट लगदा, ना चव ना दाणा. आठ रोजांनी तेच कणीस हिरव्या मोत्यांनी भरलेलं असे.

यामागे दाण्याच्या आतलं रसायन आहे. कोवळ्या दाण्यात साखर आणि पाणी भरपूर असतं. दिवस जातात तशी त्या साखरेची पिठी, म्हणजे स्टार्च, होत जाते आणि दाणा घट्ट होतो. हुरडा ही या दोहोंमधली अवस्था: दाण्याला अंग आलेलं असतं, पण गोडी अजून पुरती पिठात गेलेली नसते. एका कणसाला ही अवस्था जेमतेम आठवडाभर लाभते. कणीस तोडल्यावरही गोडी उतरतच राहते, म्हणून सकाळी तोडलेलं सकाळीच भाजायचं.

भाकरीची ज्वारी आणि हुरड्याची ज्वारी घराघरांत वेगळी असे. भाकरीला मालदांडी. या भागातल्या स्थानिक मालदांडीतून निवड करून मोहोळच्या संशोधन केंद्रानं १९३०च्या दशकात ‘एम ३५-१’ हा वाण दिला आणि तो आजही पेरला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावची आहे, हे मला फार साजेसं वाटतं. हुरड्यासाठी मात्र मालदांडीच्या रानात चार तासं गुळभेंडीची, कुचकुचीची किंवा सुरतीची पेरून ठेवत. या वाणांचा दाणा गोड, आणि मुख्य म्हणजे भाजल्यावर हातात चोळताच बोंडातून अलगद सुटणारा. ती चार तासं विकायची नसत. ती घरातल्या पोरांची, लेकीबाळींची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची.

पोरांआधी या तासांवर पाखरांचा डोळा असे. चिमण्या, पोपट, मैना यांना चिकातला दाणा आपल्याइतकाच आवडतो. म्हणून रानात चार मेढी रोवून माळा बांधायचा आणि गोफण घेऊन वर बसायचं. सुट्टीच्या दिवशी ही राखण मुलांकडे येई. कुणी पत्र्याचा डबा बडवी, कुणी हाळ्या देई; जुन्या कॅसेटची रिळं या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली की वाऱ्यावर ती घुमत राहत. माळ्यावरून सगळं शिवार दिसे: कुणाचा करडईचा पट्टा, कुणाचा हरभरा, दूर विहिरीवरचं चिंचेचं झाड. दोन महिन्यांचं वाट पाहणं असं कामात जाई. पोरं पीक ओळखायला शिकत ती इथे, कुणी न शिकवता.

लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत या वाटेवर मधला मुक्काम येतो, वेळ अमावस्येचा. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गावंच्या गावं ओस पडतात, कारण सगळे रानात असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच पांडवांची पूजा मांडायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जीत हरभरा, वाल, तूर, वाटाणा असा रानातला सगळा कोवळा माल पडतो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. शेजाऱ्याच्या कोपीत जेवल्याशिवाय परतलं तर रुसवा ठरलेला.

आणि मग एका सकाळी आगटी पेटते. जमिनीत उथळ खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या. लाकूड नको, लाकडाच्या जाळानं कणीस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. गोवरीचा विस्तव शांत आणि सगळीकडून सारखा असतो. जाळ विझून वर राखेचा पातळ थर आला की कणसं देठ बाहेर ठेवून आत खुपसायची आणि फिरवत राहायचं. आतल्या पाण्याची वाफ होते, दाणा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. तडतड ऐकू येते, खरपूस वास सुटतो. भाजणारा माणूस बहुधा घरातला सर्वांत वडीलधारा. हा मान सहसा कुणी मागून घेत नाही. कणीस राखेतून निघालं की गरमच तळव्यात धरून चोळायचं, सुपात पाखडायचं, फुंकर घालायची. तळवे लाल होतात. पळसाच्या पानावर पडलेले ते वाफाळते हिरवे दाणे लगेच खायचे, गार झाले की चिवट होतात. सोबत शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची चटणी, घट्ट दही, गूळ, गोडीशेव, रेवड्या. मधेच बोरं, पेरू, हरभऱ्याचे ढाळे. पोट भरल्यावर ताक, आणि बांधावर जाऊन उसाचं कांडं.

वाट पाहून खायची अशी हिवाळी मेजवानी इतरत्रही आहे. रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावतात. सुरतेकडे याच कोवळ्या ज्वारीला पोंक म्हणतात.

रब्बी ज्वारीचं क्षेत्र मात्र आता आकसलं आहे. जिथे पाणी पोचलं तिथे ऊस आला, इतरत्र हरभरा. ज्वारी मुळासकट हातानं उपटून काढावी लागते आणि त्या कष्टाला माणूस मिळत नाही. दुसरीकडे राहुरीच्या विद्यापीठानं ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ आणि परभणीच्या विद्यापीठानं ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचे वाण दिले आहेत, आणि कृषी पर्यटन केंद्रांवर शनिवार-रविवारी शहरातली कुटुंबं येतात. हुरडा विकून चार पैसे हाती येतात म्हणून शेतकरी पुन्हा गुळभेंडी पेरू लागला, याचं मला मनापासून समाधान आहे. गोठवलेला हुरडा पाकिटात मिळतो, त्याचं थालीपीठ चांगलं होतं. पण त्या पाकिटाबरोबर पोराला पोटरी कळत नाही, फुलोऱ्यातला धुरळा त्याच्या बाहीला लागत नाही. म्हणून शक्य असेल त्यानं मुलांना एकदाच नव्हे, दोनदा रानात न्यावं.

पहिल्यांदा डिसेंबरच्या सुरुवातीला, ज्वारी निसवत असताना. ओळखीच्या शेतकऱ्याला पेरणीची तारीख विचारून ठेवा. हुरड्याच्या वाणांना पेरणीपासून साधारण नव्वद ते शंभर दिवस लागतात. थंडी आणि ओल यांनुसार थोडं मागेपुढे होतं. दुसऱ्यांदा त्या हिशेबानं जा, सकाळीच पोचा, आणि दाणा दाबून बघायचं काम मुलांच्या हाती द्या. पांढरा थेंब निघालाच तर त्या दिवशी बोरं आणि ढाळे खाऊन परत या. पुढच्या रविवारी पुन्हा जाता येईल.