जांभूळ खा, झाड लावा. पण शुगरची गोळी सोडू नका

जून उजाडला की वस्तीच्या नाक्यावर जांभळाच्या पाट्या बसतात. पोरांच्या जिभा जांभळ्या होतात आणि घरोघरी एकच बोलणे सुरू होते, 'शुगरवाल्यांनी खावे, साखर उतरते.' या बोलण्यात खरे किती, हे आज पाहू.

आधी फळ. जांभळात पाणी भरपूर आणि थोडे क जीवनसत्त्व असते. साल-गराचा गडद रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. ते चांगलेच. पण जांभूळ गोड आहे म्हणजे त्यात साखरही आहे. शुगरच्या माणसाने मूठभर खावे, पाटी संपवू नये. 'रंग लाल, म्हणून रक्त वाढते' हेही ऐकू येते. जांभळात लोह फारसे नसते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईने आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. जांभूळ चवीसाठी खावे.

आता बियांची भुकटी. बी सावलीत वाळवून, कुटून, सकाळी पाण्यासोबत घेण्याची चाल जुनी आहे. उंदरांवरच्या काही प्रयोगांत साखर उतरलेली दिसली. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ब्राझीलमध्येही जांभूळ मधुमेहाचे औषध म्हणून लोक वापरतात. तिथल्या डॉक्टरांनी माणसांना जांभळीच्या पानांचा चहा देऊन रीतसर चाचणी घेतली, तेव्हा साखर उतरली नाही. म्हणून भुकटीच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करणे धोक्याचे आहे. साखर वाढत राहते, दुखत काही नाही, आणि पायाची जखम चिघळल्यावर कळते. डोळे आणि मूत्रपिंडाचे नुकसान तर त्याहून गुपचूप होते. भुकटी घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. गोळी चालू असताना घाम सुटला, हातपाय थरथरले, डोके गरगरले, तर लगेच साखर-पाणी प्या.

दुसरा धोका झाडाचा. जांभळीची फांदी वरून जाड दिसली तरी कटकन मोडते. पोरांना वर चढू देऊ नका. खाली जुनी साडी किंवा चादर धरा आणि बांबूने झोडपा. रस्त्यावरून आणलेले फळ मिठाच्या पाण्यात धुऊनच खा.

झाड लावायचे असेल तर हेच दिवस. बी फार दिवस टिकत नाही, वाळले की उगवत नाही. खाल्ल्यावर बी धुऊन त्याच आठवड्यात दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती-शेणखत भरून लावा, पिशवीला खाली भोके पाडा. एका बीतून कधी दोन-तीन रोपे निघतात. जोमदार ठेवा, बाकीची काढा. बियांच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षे लागतात, कलमाला त्याहून कमी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण बहाडोली' ही जात पालघरकडच्या बहाडोली गावच्या नावाची. फळ मोठे, बी लहान.

जागा मात्र पाहून निवडा. हे झाड साठ-सत्तर फूट सहज जाते. घराची भिंत, गटार, पाण्याची लाइन, विजेची तार यांपासून लांब लावा. विहाराचे किंवा शाळेचे मैदान, नाहीतर नाल्याचा काठ बरा. पाणी साचलेले त्याला चालते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या आणि शेळ्यांपासून कुंपण करा.

लाकूड कठीण आणि पाण्यात न कुजणारे. पूर्वी विहिरीच्या तळाशी जांभळीचे कडे बसवत, शेतीची अवजारेही करत. शहरात मात्र झाड वाढल्यावर ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. १९७५ च्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

पाली सुत्तांत सिद्धार्थ जंबू वृक्षाच्या गार सावलीत ध्यानाला बसल्याचे येते. त्यामुळे विहाराच्या अंगणात बोधीजवळ एक जांभूळही शोभेल. दोन्ही झाडे मोठी होतात, मध्ये तीस फूट तरी अंतर ठेवा.