गाडीचा पिकअप गेला म्हणजे टर्बोच गेला का? हजारो रुपये घालवण्याआधी एवढं तपासून घ्या!

खंबाटकीचा घाट नेहमी तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढणारी डिझेल गाडी एक दिवस अचानक दुसऱ्या गिअरवर येते. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर नाही, मागून काळा धूर आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. गॅरेजमध्ये नेल्यावर दोन मिनिटांत निकाल लागतो, "साहेब, टर्बो गेलाय!"

नवा टर्बो म्हणजे कित्येक हजारांचा खर्च. पण बऱ्याचदा टर्बो ठणठणीत असतो आणि दोष असतो तो काही शे रुपयांच्या फाटक्या पाइपात किंवा सैल क्लॅम्पमध्ये. मग खरं दुखणं ओळखायचं कसं?

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात भरपूर ऊर्जा असते. ती वाया जाण्याऐवजी तिच्यावर एक छोटं चाक फिरवलं जातं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनमध्ये ढकलतं. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येतं आणि लहान इंजिनातूनही मोठी ताकद मिळते. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. बहुतेक गाड्यांत त्याला बॉल बेअरिंग नसतं, तो ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. म्हणूनच टर्बो आपोआप क्वचितच मरतो. बहुतेक वेळा ऑइलचा तुटवडा, घाणेरडं ऑइल किंवा आत गेलेला कचरा त्याचा जीव घेतो.

आधी धूर आणि आवाज

काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी पडतेय. टर्बो आणि इंजिनमधला पाइप फाटला, क्लॅम्प निसटला, एअर फिल्टर तुंबला किंवा इंजेक्टर बिघडला तरी हे होतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते टर्बोच्या सीलमधून येऊ शकतं, तसंच झिजलेल्या पिस्टन रिंगमधूनही.

हलकी शिट्टी हा टर्बोचा नेहमीचा आवाज आहे. पण ती सायरनसारखी चढत गेली किंवा धातू घासल्यासारखं ऐकू आलं, तर गाडी चालवत राहू नये. जोर दिल्यावर 'फुस्स' असा आवाज येत असेल, तर पहिला संशय पाइपवर घ्यावा.

बोनेट उघडल्यावर काय पाहायचं?

ही तपासणी इंजिन बंद आणि पूर्ण थंड असतानाच करावी. टर्बोची धुराकडची बाजू चालू असताना काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. इंजिन चालू असताना उघड्या टर्बोजवळ बोट, फडकं काहीही नेऊ नये.

पाइप आणि इंटरकूलर : रबरी पाइप हाताने दाबून, खालच्या बाजूनेही पाहावेत. चीर बहुधा वाकणाच्या आतल्या बाजूला लपलेली असते. जिथून हवा गळते तिथे ऑइल आणि धुळीचा काळा चिकट डाग दिसतो.

पाइपमधलं ऑइल : आत ऑइलचा पातळ ओलावा दिसला म्हणून घाबरू नये, इंजिनच्या वाफांमुळे तो येतोच. पाइपात ऑइल साचलेलं असेल, तर मात्र गंभीर आहे.

दांड्याची हालचाल : हवेचा पाइप काढून चाक बोटाने फिरवावं. ते अडखळता कामा नये. दांडा वर-खाली किंचित हलला तर चालतं, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. मागे-पुढे मात्र हालचाल जवळपास जाणवू नये. पाती बाजूच्या भिंतीला घासत असतील, वाकली किंवा तुटली असतील, तर टर्बो उतरवावाच लागतो.

ॲक्च्युएटर : टर्बोचा दाब सांभाळणारी ही यंत्रणा. तिची बारीक व्हॅक्यूमची नळी फाटली किंवा दांडी काजळीने अडकली, तरी गाडी मरगळते आणि दोष मात्र टर्बोवर येतो.

स्कॅनर काय सांगतो?

उभ्या गाडीला नुसती रेस देऊन टर्बोची परीक्षा होत नाही. इंजिनवर भार आल्याशिवाय पुरेसा दाब तयारच होत नाही. म्हणून स्कॅनर लावून गाडी मोकळ्या चढावर चालवावी, आकडे मात्र शेजारी बसलेल्याने वाचावेत. इंजिनला हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळणारा दाब, हे दोन आकडे सोबत पाहायचे. प्रत्यक्ष दाब सतत मागे राहत असेल, तर हवा गळतेय किंवा टर्बो कमी पडतोय.

'पी ०२९९' हा कोड म्हणजे दाब कमी. पण लक्षात घ्या, हा कोड "दाब कमी आहे" एवढंच सांगतो, "टर्बो बदला" असं सांगत नाही!

दुर्लक्ष केलं तर?

डिझेल गाडीत टर्बोचं सील पूर्ण फुटलं, तर ऑइल थेट इंजिनमध्ये जाऊन तेच इंधन म्हणून जळू लागतं. इंजिन आपोआप सुसाट पळतं आणि चावी काढली तरी बंद पडत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर सर्वात वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडू शकतं. ते जमलं नाही, तर सगळ्यांनी गाडीतून उतरून लांब जावं. बोनेट उघडायला जाऊ नये.

नवा टर्बो बसवायचाच असेल तर...

मेकॅनिकला एक प्रश्न नक्की विचारावा, "जुना कशामुळे गेला?" उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवू नये. ऑइलची नळी काजळीने तुंबलेली असेल किंवा जुन्या टर्बोचे तुकडे इंटरकूलरमध्ये राहिले असतील, तर नवाही लवकरच त्याच वाटेने जातो. ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलणं, ऑइलची नळी बदलणं किंवा साफ करणं आणि इंटरकूलर धुणं हे त्याच कामाचा भाग आहे.

आणि एक जुनी सवय सोडावी. गाडी बंद करण्याआधी जोरात रेस देण्याची! इंजिन बंद होताच ऑइल थांबतं, पण दांडा फिरतच राहतो. लांबच्या प्रवासानंतर किंवा घाट चढून आल्यावर मिनिटभर गाडी शांत चालू ठेवावी, मगच चावी फिरवावी. सकाळी सुरू केल्यावरही लगेच रेस देऊ नये. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदललेलं असावं.

जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालेला एखादा मित्र असेल, तर सौदा पक्का होण्याआधी त्याला हे नक्की वाचायला द्या!