रॉ फायलीचं कुलूप

लग्नाचं शूट संपलं की उदगीरचा फोटोग्राफर कार्डावरच्या रॉ फायली कॉम्प्युटरवर घेतो, त्यांचे जेपेग करतो, अल्बम छापायला धाडतो आणि हार्ड डिस्क भरत आली की रॉ उडवतो. धंद्याच्या हिशेबात ते बरोबरच आहे. मला मात्र वर्षानुवर्षं या उडवल्या जाणाऱ्या फायलींचंच वेड आहे. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच उजेडासमोर धरली की चित्र दिसतं. रॉ फायलीला तिची भाषा जाणणारा प्रोग्रॅम लागतो, आणि ती भाषा कंपनी सहसा उघड करत नाही.

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद. ब्राइस बायर यांच्या 1976 च्या पेटंटातली रंगांची जाळी सेन्सरवर बसवलेली असते: निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक ठिपक्यापाशी एकाच रंगाची नोंद होते, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढावे लागतात. 14 बिटांच्या रॉमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या, जेपेगमध्ये 256. म्हणून जपायचं तर 16 बिटांचं टिफ करावं. हा अल्डस कंपनीचा 1986 चा फॉरमॅट. त्याची सहावी आवृत्ती 1992 मध्ये आली आणि तिचे नियम कुणालाही वाचता येतात.

गंमत अशी, की रॉ फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली तर बहुतेक वेळा आत टिफच दडलेलं सापडतं. कॅननच्या सीआर-2 फाईलची सुरुवात ‘आय आय’ने होते, निकॉनच्या 2005 च्या सुमाराच्या फाईलची ‘एम एम’ने, आणि दोन्हींत लगेच पुढे 42 हा आकडा येतो. ही टिफचीच खूण. सांगाडा जुना आणि उघडा, कुलूप आतल्या एखाद्या कप्प्यालाच.

अशाच एका कप्प्यावरून 2005 च्या एप्रिलमध्ये भांडण पेटलं. निकॉनने डी2एक्स कॅमेऱ्याच्या फायलीतला व्हाइट बॅलन्सचा आकडा सांकेतिक करून टाकला होता. हळदीच्या मांडवात पिवळ्या हॅलोजनखाली काढलेला फोटो डोळ्यासमोर आणा. तो आकडा मिळाला नाही, तर नवरीच्या अंगावरची हळद किती आणि दिव्याचा पिवळेपणा किती, हे प्रोग्रॅमला अंदाजानेच ठरवावं लागतं. फोटोशॉपच्या जनकांपैकी एक, थॉमस नॉल, यांनी जाहीर तक्रार केली: संकेत फोडला तर अमेरिकेच्या 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा बडगा बसण्याची भीती. निकॉनचं उत्तर होतं की खऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना आम्ही आमचं विकासकिट देतो. हे उत्तर मला आजही पटत नाही. फोटो ज्याने काढला, त्याच्याच फोटोतला एक आकडा त्याला मागून घ्यावा लागावा, याला काय आधार?

डेव्ह कॉफिन यांनी मात्र कुणाची परवानगी मागितली नाही. 1997 पासून ते एकट्याने ‘डीसीरॉ’ लिहीत होते: सी भाषेतली एकच फाईल, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल अशी आणि फुकट. नव्या कॅमेऱ्याची फाईल हाती आली की ते ती उलगडायचे आणि तिचं पीपीएम किंवा टिफ करून द्यायचे. निकॉनचं कुलूपही त्यांनी उघडलं. किल्ली फायलीतच होती! कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि आजवर किती फोटो काढले तो आकडा, दोन्ही तिथेच साध्या रूपात लिहिलेले. त्यांना 256 आकड्यांच्या दोन तक्त्यांतून फिरवलं की लपवलेला व्हाइट बॅलन्स बाहेर येतो. डीसीरॉची शेवटची आवृत्ती 2018 ची. त्यावरूनच उभं राहिलेलं ‘लिबरॉ’ आज हे काम पुढे चालवतं.

टिफ जड असतं, हे खरं. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे 144 मेगाबाइट. सगळं शूट असं ठेवणं परवडणार नाही. आणि रंग भरून काढायच्या पद्धती सुधारत जातात, म्हणून टिफ केलं तरी मूळ रॉ टाकून देऊ नये. 2022 च्या एप्रिलमध्ये 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली आमच्या उदगिरात भरलं. त्या तीन दिवसांच्या रॉ फायली ज्यांच्याकडे असतील, त्यांनी निवडक फोटोंचं 16 बिटांचं टिफ करावं, रॉ शेजारीच राहू द्यावी आणि दोन्हींची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी.